थंडीत पहिल्या स्टार्टला गाडी थरथरते, मिनिटभरात ठीक होते: आधी काय तपासायचं?

द्राक्षबाग

गाडी १.२ लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल + कंपनी फिटेड सीएनजी. २०१७ चं मॉडेल, बीएस-४, ८२ हजार किमी. गाव निफाड, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा सात-आठवर, कधी त्याच्याही खाली.

त्रास असा आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्याच सेल्फला उठते, सेल्फ जोरात फिरतो. पण उठल्या उठल्या थरथरायला लागते. आरपीएम १२००-१३०० हवा तो ७५०-८०० वर पडतो, गिअरची दांडी हलते, सायलेन्सरमधून तुटक फट-फट येतं. मिनिटभरात सगळं आपोआप शांत. नंतर दिवसभर काही नाही. दुपारी तीन-चार तास उभी राहिली तरी काही नाही. पिकअप, ॲव्हरेज पूर्वीसारखंच. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही.

आतापर्यंत नवे प्लग, एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीची सफाई झाली. फरक शून्य. गॅरेजमध्ये आता चारही इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतात. एवढा खर्च करण्याआधी काय बघू?

---

बारातेराचा_पाना

ऑक्सिजन सेन्सर यादीतून आत्ताच काढून टाका. थंड इंजिन सुरू होतं तेव्हा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या सेन्सरकडे बघतच नाही. सेन्सर तापून काम द्यायला लागेपर्यंत पेट्रोल किती सोडायचं हे कूलंटचं तापमान, आत येणारी हवा आणि आधी शिकलेले आकडे यांवरच ठरतं. तुमची गाडी थरथरते नेमकी त्याच वेळात. तो सेन्सर बदलून सकाळच्या थरथरीत फरक पडायचं कारण नाही.

‘सकाळी त्रास देते’ यात तीन वेगळे आजार येतात आणि गॅरेजमध्ये तिन्ही एकाच पोत्यात घालतात.

सेल्फच जड, रडत फिरतो: बॅटरी, अर्थिंग, जाड ऑइल. सेल्फ छान फिरतो पण इंजिन उशिरा पेटतं: इंधनाचा दाब रात्रीत उतरतो, कूलंट सेन्सर खोटं बोलतो किंवा क्रँक सेन्सर. पहिल्याच फेऱ्यात पेटतं पण नंतर थरथरतं: एखादा सिलिंडर थंडीत नीट जळत नाही किंवा चारही सिलिंडरना मिश्रण पातळ मिळतंय. तुमचं तिसऱ्यात बसतं. बॅटरी, सेल्फ, पंप यांवर पैसे घालू नका.

आता प्रश्न एवढाच की एकच सिलिंडर आजारी आहे की चारही. एक असेल तर थरथर ठेक्यात असते आणि सायलेन्सरचा आवाज ठराविक अंतराने तुटतो. चारही पातळ मिश्रणावर असतील तर आरपीएम वर-खाली झोके घेतो, ठेका नसतो. तुमच्या वर्णनावरून एक सिलिंडर वाटतो, पण मोजल्याशिवाय नको.

ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ स्कॅनर (ईसीयूचे आकडे मोबाइलवर दाखवणारा) हजाराच्या आत मिळतो, तो घ्या. उद्या सकाळी सेल्फ न मारता फक्त चावी ऑन करा आणि कूलंट तापमान व इनटेक हवेचं तापमान वाचा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे बाहेरच्या हवेच्या दोन-तीन अंशांत हवेत. बाहेर आठ आणि कूलंट पस्तीस दाखवत असेल तर ईसीयूला वाटतंय इंजिन कोमट आहे, म्हणून तो जादा पेट्रोल देतच नाही. चोर सापडला. खात्री करायची तर सेन्सर काढून मल्टिमीटर लावा: बहुतेक गाड्यांत २० अंशांना दोन ते तीन किलोओहम, ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास.

मग गाडी गरम झाल्यावर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के जास्त-कमी इंधन सोडतोय तो आकडा) बघा, आधी आयडलिंगला, मग २५०० आरपीएमला. आयडलिंगला +१२, +१५ आणि रेस दिल्यावर +३ असं येत असेल तर कुठून तरी चोरटी हवा शिरते: पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) नळ तडकलेला, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट आक्रसलेलं, ब्रेक बूस्टरचा पाइप. हे रबर थंडीत कडक होतं, गरम झाल्यावर फुगून बसतं, म्हणून सकाळीच त्रास. दोन्हीकडे +१५ असेल तर इंधन कमी पडतंय. ±५ च्या आत असेल तर मिश्रण सोडून दुसरीकडे वळा.

एक गोष्ट मात्र नक्की पाळा: गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. पोचेपर्यंत इंजिन गरम होतं आणि मिस्त्री म्हणतो ‘काहीच नाही हो’. आदल्या संध्याकाळी तिथे सोडा, सकाळी पहिला सेल्फ त्यालाच मारू द्या.

---

गॅसवरचा_प्रवासी

सीएनजी गाडी आहे म्हणून दोन गोष्टी.

या गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि कूलंट ठरावीक तापमानाला पोचल्यावर आपोआप गॅसवर जातात. तुमची थरथर गॅसवर जायच्या आधीची, त्यामुळे गॅसचे इंजेक्टर, रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅस फिल्टर यांचा संबंध नाही.

पेट्रोलचे इंजेक्टर मात्र संशयित आहेत. रोज मिनिटभर पेट्रोल आणि बाकी सगळं गॅसवर, अशा गाडीत पेट्रोल इंजेक्टरच्या तोंडाशी उरलेलं पेट्रोल इंजिनच्या उष्णतेने वाळतं आणि त्याचा चिकट थर बसतो. फवारा न उडता धार पडते. गरम इंजिनमध्ये धार पडली तरी तिची वाफ होते, थंडीत पेट्रोल पोर्टच्या भिंतीला चिकटून राहतं.

तरी बदलायची घाई नको. बाहेर काढून अल्ट्रासॉनिक मशिनवर साफ करून घ्या आणि फ्लो टेस्टचे आकडे कागदावर मागा. चारही नळ्यांतल्या पातळीत पाच टक्क्यांहून जास्त फरक नको. दाब देऊन बंद ठेवल्यावर मिनिटाला एखाद्या थेंबाहून जास्त गळायला नको. परत बसवताना ओ-रिंग नव्या घाला, त्यांना इंजिन ऑइलचं बोट लावा. कोरड्या ओ-रिंग दाबून बसवल्या की चिरतात आणि मग पेट्रोलची गळती गरम इंजिनवर.

मशिनच्याही आधी एक फुकटची चाचणी: बऱ्याच किटमध्ये थेट गॅसवर सुरू करायची सोय असते (स्विच दाबून ठेवून चावी ऑन, पद्धत मॅन्युअलमध्ये बघा). एका सकाळी थेट गॅसवर सुरू करा. थरथर गेली तर पेट्रोलच्या बाजूचा दोष. तशीच राहिली तर इंजेक्टरवर एक रुपयाही खर्चू नका.

---

खोपोली_घाट

एवढं कशाला? ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलचा प्रताप आहे. २०१७ ची गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. इथेनॉल थंडीत पेटत नाही.

---

बारातेराचा_पाना

@खोपोली_घाट, अर्धं बरोबर. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीच पटीच्या आसपास उष्णता लागते आणि ते ७८ अंशांना उकळतं. पेट्रोलमध्ये त्याहून खूप कमी तापमानाला उडणारे हलके घटक असतात आणि थंडीत इंजिन उठतं ते त्यांच्या जोरावर. म्हणून ८५ टक्के इथेनॉलवर थंडीत हाल होतात. २० टक्क्यांना उरलेल्या ८० टक्क्यांतले हलके घटक इंजिन उठवायला पुरतात.

मिश्रणाचा हिशेब बदलतो हे खरं. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. जुना ईसीयू थंड असताना जुन्या हिशेबाने पेट्रोल सोडतो, म्हणजे थोडं पातळ. पण तो ट्रिममधून शिकतो, आणि मुख्य म्हणजे हा दोष चारही सिलिंडरना सारखा लागतो. ठेक्यात एकच सिलिंडर चुकतोय तर इथेनॉलने त्या एकट्याशी वैर धरलेलं नाही.

सीएनजीवाल्यांना खरा धोका टाकीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा. इथेनॉल पाणी ओढून घेतं, पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की दोघं मिळून तळाशी बसतात, आणि पंपाचं तोंड तळाशीच असतं. शिवाय हलके घटक उडून जातात ते वेगळंच. टाकी पाव भरलेली ठेवा, आठवड्याला आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा, दोन-तीन महिन्यांत ते पेट्रोल संपून नवं येईल असं बघा.

---

द्राक्षबाग

धन्यवाद. आकडे घेतले.

बॅटरी सकाळी १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४. बाहेर ८ अंश, कूलंट ८, इनटेक हवा ९. गरम झाल्यावर लाँग टर्म ट्रिम आयडलिंगला +३, २५०० ला +२. थेट गॅसवर सुरू केली, थरथर अगदी तशीच. थरथर ठेक्यातच आहे. कूलंटची पातळी महिनाभर एकाच खुणेवर. धूर नाही, फक्त थोडी वाफ, ती तर थंडीत सगळ्यांच्याच गाडीला दिसते.

पुढे?

---

टॅपेट_कव्हर

छान मोजलंत. बॅटरी निर्दोष (सेल्फ मारताना साडेनऊच्या वर राहिली की पुरे), कूलंट सेन्सर निर्दोष, चोरटी हवा नाही, आणि गॅसवरही तेच म्हणजे पेट्रोल इंजेक्टर सुटले. पेट्रोल आणि गॅस दोघांना जे सामाईक आहे तेच उरलं: ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते).

आधी सिलिंडर शोधा. सकाळी थंड इंजिन पेट्रोलवर सुरू करा आणि थरथर चालू असतानाच एकेका पेट्रोल इंजेक्टरचं कनेक्टर दोन-तीन सेकंद काढून परत लावा. चांगला सिलिंडर बंद केला की आरपीएम आणखी पडतो. ज्याचं कनेक्टर काढूनही काहीच बदलत नाही, तो आधीपासूनच झोपलेला आहे. वेळ मिनिटभराचाच, म्हणून बॉनेट उघडं ठेवून, क्लिपा आधी हाताने चाचपून तयारीत राहा. एका सकाळी दोन सिलिंडर झाले तरी पुरे, उरलेले दुसऱ्या दिवशी. या उद्योगात चेकचा दिवा लागेल, स्कॅनरने घालवता येतो.

कॉइलचं (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी) कनेक्टर काढून ही चाचणी करू नका, जरी बरेच मिस्त्री तसंच करतात. कॉइल काढली की न जळलेलं पेट्रोल सरळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो वितळू शकतो. त्याच्या किमतीत दहा वेळा इंजेक्टर साफ होतील.

सिलिंडर सापडला की संध्याकाळी इंजिन थंड करून त्याची कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करा. दुसऱ्या सकाळी दोष शेजारी गेला तर कॉइल. नाही गेला तर प्लगची अदलाबदल. प्लग काढताना त्याचं तोंड बघाच, ते बरंच सांगतं. पेट्रोलने ओला आणि वास: इंजेक्टर गळतोय. कोरडी काळी काजळी: मिश्रण दाट किंवा ठिणगी मंद. चिकट काळं ऑइल: पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्ह स्टेम सील. बाकी तिन्ही तपकिरी आणि हा एकटाच धुऊन काढल्यासारखा स्वच्छ: हेड गॅस्केटमधून कूलंट आत येतंय. प्लगच्या विहिरीत ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं सील गेलंय आणि ठिणगी बाहेरच्या बाहेर उडते.

‘नवे प्लग टाकले’ यावरही विसंबू नका. गॅप मोजला का? गॅसच्या मिश्रणात ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून सीएनजी गाडीत गॅप मॅन्युअलच्या मर्यादेच्या खालच्या टोकाला ठेवतात. डब्यातून काढला तसा बसवला तर १.१ मिमीही निघतो. प्लग थंड इंजिनमध्येच उघडा, हाताने आटे धरा, मग टॉर्क पान्याने आवळा. १४ मिमी आट्यांना साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) आटे गेले की काम वाढतं.

एवढं करूनही दोष त्याच सिलिंडरवर राहिला तर कॉम्प्रेशन. ते सकाळी थंड असतानाच घ्यायचं, गरम करून नाही. गरमवर सगळं ठीक दिसणार हे तुमची गाडी रोजच सांगतेय.

---

लोणारची_डिझेल

मध्येच विचारतो, माझी १.३ डिझेलही थंडीत असंच करते, वर पांढरा धूर. हेच सगळं लागू का?

---

टॅपेट_कव्हर

नाही, डिझेलचा रस्ता वेगळा. पांढरा धूर + थरथर + मिनिटभरात शांत म्हणजे आधी ग्लो प्लग (थंडीत सिलिंडर आतून तापवणारे). मल्टिमीटरवर प्रत्येकी एक ओहमच्या आसपास यायला हवा, अनंत दाखवला तर तो मेला. चारही ठीक असतील तर चावी ऑन केल्यावर त्यांच्या तारेवर बॅटरीचं व्होल्टेज येतं का ते बघा, नाहीतर रिले किंवा फ्यूज. काढताना इंजिन कोमट असू द्या, भेदक तेल लावून थांबा, जोर करू नका. ग्लो प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवावं लागतं. ते सगळं ठीक निघालं तर डिझेल फिल्टरमधलं पाणी आणि इंजेक्टरचा लीक-बॅक (इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल). पुढचं वेगळ्या धाग्यात टाका, इथे गल्लत होईल.

---

द्राक्षबाग

सिलिंडर सापडला, दोन नंबर. त्याचं कनेक्टर काढलं तर काहीच फरक नाही, बाकी तिघांना आरपीएम लगेच पडतो. कॉइल तीन नंबरशी बदलली, दोष दोनवरच. प्लग बदलला, दोष दोनवरच. प्लग कोरडा, रंग इतरांसारखाच. गॅप ०.८ निघाला. विहिरी कोरड्या.

कॉम्प्रेशन गॅरेजमध्येच घेतलं, गाडी रात्रभर तिथे ठेवून. थंड: १२.५, ७.५, १२, १२.५ बार. मग गाडी गरम करून परत: १३, ११.५, १२.५, १३. मिस्त्री म्हणतो रिंग गेल्या, इंजिन खोलू. इंजिन उघडायचं म्हटल्यावर पोटात गोळा आला.

---

टॅपेट_कव्हर

थांबा. इंजिन खोलायच्या आधी चमचाभर ऑइलची चाचणी. थंड असताना दोन नंबरच्या प्लगच्या भोकातून पाच ते दहा मिलिलिटर इंजिन ऑइल सोडा, सेल्फ दोन-चार फेरे फिरवा, परत कॉम्प्रेशन घ्या. ऑइल रिंगभोवतीची फट तात्पुरती बुजवतं. आकडा ११-१२ वर उडी मारत असेल तर रिंग. जागेवरच राहिला तर गळती वर आहे, व्हॉल्व्हमध्ये.

माझा पैसा व्हॉल्व्हवर. ८२ हजार किमीला एकाच सिलिंडरच्या रिंग जाणं, तेही ऑइल न खाता, निळा धूर न काढता, पटत नाही. आणि थंडीत साडेसात, गरम झाल्यावर साडेअकरा, ही घट्ट टॅपेटची (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला भाग, त्याची फट संपली की घट्ट) खूण आहे.

सीएनजी गाडीत हे का होतं ते सांगतो. पेट्रोलमुळे व्हॉल्व्ह आणि सीट (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो ती कडी) यांच्यामध्ये एक सूक्ष्म थर राहतो. गॅस पूर्ण कोरडा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापलेला असताना सीटवर आपटतो, धातू धातूला किंचित चिकटतो आणि सुटताना कण उखडतात. हजारो किलोमीटरमध्ये सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो. त्याची दांडी वर आली की टॅपेट आणि कॅममधली (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा फिरता उंचवटा) फट कमी होते. एक वेळ अशी येते की फट उरतच नाही आणि कॅमची पाठ (उंचवटा नसलेली बाजू) वर असतानाही व्हॉल्व्ह केसभर उघडा राहतो.

मग गरम झाल्यावर बरं का वाटतं? हेड ॲल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह स्टीलचा. तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त वाढतं, कॅमशाफ्ट व्हॉल्व्हपासून किंचित दूर जातो आणि फट वाढते. कित्येक इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये थंड आणि गरम असे दोन आकडे दिलेले असतात आणि गरमचा मोठा असतो. म्हणजे सकाळी जो व्हॉल्व्ह टेकत नव्हता तो मिनिटभरात टेकायला लागतो. दुपारी तीन-चार तासांनी त्रास नाही, कारण हेड तेवढ्यात पूर्ण गार होत नाही.

हा निदानाचा भाग इतका सविस्तर लिहिला कारण ‘टॅपेटचा आवाज येत नाही ना, मग टॅपेट ठीक’ असं सर्रास ऐकायला मिळतं. आवाज सैल टॅपेटचा येतो. घट्ट टॅपेट गप्प असतो. सीएनजी गाडी फार शांत वाजायला लागली तर मी उलट काळजी करेन.

आणि पुढे ढकलू नका. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकतो. टेकायला वेळ कमी मिळाला की कडा जळते, आणि मग टॅपेट सेटिंगने भागत नाही, हेड उतरवावंच लागतं.

---

बारातेराचा_पाना

दुजोरा. ऑइलच्या चाचणीबरोबर लीक-डाउन टेस्टरही (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते मोजणारा) मिळाला तर लावा. दोन नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह मिटलेले) आणायचा, गाडी न्यूट्रलमध्ये, क्रँकचा बोल्ट पान्याने धरून ठेवायचा (हवा भरली की तो फिरायला बघतो), मग हवा सोडायची. दहा टक्क्यांच्या आत गळती चांगली, वीसच्या वर वाईट. फुसफुस कुठून येते ते कानाने ऐका: सायलेन्सरमधून तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे तर हेड गॅस्केट.

पुढच्या वेळी कॉम्प्रेशन घेताना हे बघून घ्या, नाहीतर आकडे खोटे येतात: चारही प्लग बाहेर, कॉइल आणि इंजेक्टरची कनेक्टर काढलेली, सीएनजी टाकीचा गॅस हाताच्या व्हॉल्व्हने बंद, बॅटरी पूर्ण चार्ज, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला, प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा ठोके. एकाला चार आणि दुसऱ्याला आठ ठोके दिले तर तुलना बाद.

---

द्राक्षबाग

ऑइल टाकून परत घेतलं: ७.५ चा ८ झाला, बस. लीक-डाउन टेस्टर मिळाला नाही, पण प्लगच्या भोकातून एअर होज लावल्यावर सायलेन्सरमधून स्पष्ट फुसफुस. म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच. टॅपेट सेटिंग करताना मिस्त्रीकडून काय काय करून घ्यायचं? तो म्हणतो या इंजिनला सेटिंगच नसतं.

---

टॅपेट_कव्हर

‘सेटिंग नसतं’ हे हायड्रॉलिक टॅपेटच्या (ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे) इंजिनाला खरं आहे. तुमचं कुठलं ते मॅन्युअलमध्ये बघा. व्हॉल्व्ह क्लिअरन्सचा आकडा छापलेला असेल तर सेटिंग आहे. काही इंजिनांत रॉकरवर स्क्रू आणि लॉकनट असतो, तिथे काम अर्ध्या दिवसाचं. काहींत कॅमखाली घन बकेट (टॅपेटचं काम करणारी उलटी वाटी) असतो, स्क्रू नसतो, त्यामुळे मिस्त्रींना वाटतं सेटिंगच नाही. तिथे वेगळ्या जाडीचा बकेट बसवणं हेच सेटिंग.

मोजणी रात्रभर थंड इंजिनवरच. चारही प्लग काढून क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने घड्याळाच्या दिशेने फिरवा (बहुतेक इंजिनांची फिरण्याची दिशा हीच). ज्या व्हॉल्व्हच्या कॅमचं नाक टॅपेटच्या विरुद्ध दिशेला गेलं, त्याच वेळी त्याची फट मोजा. फिलर गेज (ठराविक जाडीची पातळ पट्टी) हलकीशी अडत सरकली पाहिजे. लोंबकळणारीही नको, ढकलावी लागणारीही नको. सोळाच्या सोळा आकडे कागदावर लिहून घ्या, फक्त दोन नंबरचे नाही. बकेटवाल्या बऱ्याच इंजिनांत थंड असताना इनटेक ०.१८-०.२२ आणि एक्झॉस्ट ०.२७-०.३३ मिमी असतं, पण तुमच्या मॅन्युअलचाच आकडा धरा.

नव्या बकेटची जाडी = जुनी जाडी + मोजलेली फट − हवी असलेली फट. समजा जुना ३.३० मिमी, फट ०.०४, हवी ०.३०. तर ३.०४. जुन्या बकेटच्या आतल्या बाजूला बहुधा आकडा असतो, तरी मायक्रोमीटरने मोजा, कारण झीज आकड्यात दिसत नाही. गॅसवरच चालणार असेल तर एक्झॉस्ट मर्यादेच्या वरच्या टोकाला ठेवायला सांगा. झीज फट कमीच करणार आहे, तेवढी जागा हाताशी असू द्या. फेकायच्या आधी बाकीच्या बकेटची अदलाबदल करून काही जमतं का ते बघा, दोन-तीन तरी वाचतात.

कॅम काढावा लागतो म्हणून चेनवर आणि दोन्ही स्प्रॉकेटवर रंगाच्या खुणा करून घ्या, टेन्शनर पिन घालून लॉक करा. चेनचा एक दात चुकला तर थरथर परवडली म्हणाल. कॅमच्या टोप्या नंबर आणि बाणानुसार तिथल्या तिथेच, बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने दोन-तीन टप्प्यांत. सहा मिमीचे बोल्ट असतात, दहा-अकरा न्यूटन-मीटरला बसतात, अंदाजाने आवळले तर आटे जातात. मग क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून सगळ्या फटी परत मोजा. ही दुसरी मोजणी सगळेच टाळतात. तुम्ही तिथे उभे राहा.

टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि प्लगच्या विहिरींची सीलं नवीन. टायमिंग कव्हर आणि हेडच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना सीलंटचा मुगाएवढा ठिपका, सगळीकडे थापायचं नाही. जास्तीचं सीलंट आत सुटून ऑइलच्या जाळीवर अडकतं.

गाडी ताब्यात घ्यायच्या आधी दोन नंबरचं थंड कॉम्प्रेशन परत घ्या. ११ च्या वर आलं तर झालं. फट बरोबर असूनही ९-१० वरच अडकलं तर व्हॉल्व्हची कडा जळलेली आहे: हेड उतरवून सीट कटिंग, लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट टेकवणं), आणि गरज पडल्यास गॅसला टिकणाऱ्या कठीण सीट.

---

गॅसवरचा_प्रवासी

काम झालं की तारीख, किलोमीटर आणि सोळा आकड्यांचा तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढची मोजणी मॅन्युअलच्या वेळापत्रकाने, पण गॅसवर ४० हजारांपलीकडे जाऊ देऊ नका. दोन मोजण्यांत कुठल्या व्हॉल्व्हची फट किती उतरली ते कळलं की सीट किती वेगाने झिजतेय हे समजतं. सगळ्या सारख्या उतरल्या तर नेहमीची झीज. एकटा दोन नंबरचाच परत ०.१० ने उतरला तर त्याची सीट गेली समजा, तेव्हा परत बकेट बदलत बसू नका.

---

द्राक्षबाग

मॅन्युअलमध्ये क्लिअरन्सचे आकडे आहेत, म्हणजे सेटिंग आहे. रविवारी रात्री गाडी सोडतो, सोमवारी सकाळी कव्हर उघडतील. एक विचारायचं राहिलं: तोपर्यंत गाडी वापरू का?

---

टॅपेट_कव्हर

गावातल्या गावात, पेट्रोलवर, रेस न देता. सुरू झाल्यावर थरथर थांबेपर्यंत उभी ठेवा, ॲक्सिलरेटरला हात लावू नका. पुणे-मुंबईची फेरी आणि कसारा घाट सोमवारनंतर.